सुशीआत्याची नखतपासणी

माझी सुशीआत्या माणसाचा चेहरा नंतर बघते, आधी नखं. ती मूळची नामपूरची, बोलण्यात अजून अहिराणी डोकावते. आता गंगापूर रोडला आमच्याच इमारतीत एकटी राहते. दार उघडताच म्हणते, "हात दखाड." नखावर पांढरा ठिपका दिसला की निकाल तयार: "कॅल्शियम कमी शे." मग नाचणीचा लाडू. तो नाकारायची सोय नाही. दूधवाल्यालाही तिने सुनावलं, "गावाला दूध घालतोस आणि स्वतः पीत नाहीस?" तेव्हापासून तो पिशवी कडीला अडकवून पळतो.

मागच्या महिन्यात मात्र तिने माझी नखं बघितलीच नाहीत. हात पदराखाली.

"आत्या, आता तू दाखव."

"राहू दे रे बापू."

मी बळेच बघितली. दहाही नखांवर खडू फासल्यासारखे खरखरीत पांढरे चट्टे.

"लाडू खाल्लेस?"

"डबा संपला," ती पडेल आवाजात म्हणाली.

तिला स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "आजी, नेलपॉलिश लावता का?" मला हसू येणार, तोच आत्या म्हणाली, "दर रविवारी."

मग सगळं कळलं. तिची नात कॅनडात, आठ वर्षांची. तिला मराठी बेताचं, हिला इंग्रजी येत नाही. म्हणून व्हिडिओ कॉलवर दोघी समोरासमोर बसून नखं रंगवतात. दर वेळी नवा रंग, आणि इथे कोणी बघू नये म्हणून आत्या तो दुसऱ्या दिवशी रिमूव्हरने खरवडून टाकते.

डॉक्टर म्हणाले, "हे वरवरचं आहे. रंग, रिमूव्हर बंद. रोज खोबरेल तेल चोळा. नख वाढेल तसं जाईल. कॅल्शियमचा संबंध नाही. साधे ठिपकेही बहुतेक नखाला मार लागून येतात."

"हा डॉक्टर अजून पोऱ्या शे," आत्या माझ्या कानाशी पुटपुटली. पण उठताना तिने त्यांनाच विचारलं, "डॉक्टरसाहेब, एका बोटाला तरी लावू? रंगच नसला तर ती पोर माझ्याशी बोलेल काय?"

डॉक्टरांनी करंगळीपुरती परवानगी दिली.

रविवारी आत्याने मला फोन धरायला बसवलं. नात दहाही नखं निळी करून तयार. आत्याने रंगवलेली करंगळी पुढे केली, मग उघडी नखं दाखवली. "डॉक्टर. नो."

पोर उठून निघून गेली. पडद्यावर नुसती खुर्ची.

आत्याने बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

तेवढ्यात नात परत आली. हातात कापूस आणि रिमूव्हर. करंगळी बाजूला धरून ती एकेक नख पुसायला लागली, अगदी सावकाश.

"फोन तांब्याला टेकवून ठेव," आत्या मला म्हणाली, "आणि तू जा घरी. आम्हाला वेळ लागेल."