ओळीवर जगणाऱ्या शोभाताई

शोभाताई खिल्लारेंशी बोलताना माणसानं त्यांच्या चेहऱ्याकडं बघू नये, उजव्या पायाकडं बघावं. चेहरा काहीच सांगत नाही, पाय सगळं सांगतो. आपलं बोलणं नीट ऐकू आलं नसेल तर चपलेचं टोक डावीकडं दाबलं जातं, म्हणजे 'मागं घ्या'. आपण लांबण लावली की टोक उजवीकडं जातं, म्हणजे 'पुढं चला'. आमची मंडळी आपल्या गुडघ्याविषयी सांगायला लागली की ताईंचा पाय उजवीकडं जो जातो, तो चहा येईपर्यंत तिथंच असतो.

ह्याचं कारण त्यांच्या टेबलाखाली आहे. तिथं शिलाई मशीनच्या पायट्यासारखं एक पेडल ठेवलेलं आहे. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासला की त्याची हकीकत तोंडानं बोलून ठेवतात. तो आवाज कॉम्प्युटरवर आमच्या कळमनुरीत येतो. शोभाताई हेडफोन लावून ऐकतात आणि इंग्रजीत टाइप करून परत पाठवतात. ह्या कामाला मेडिकल ट्रान्सक्रिप्शन म्हणतात. आवाज थांबवायचा, मागं घ्यायचा, पुढं न्यायचा तो पायानं. वीस वर्षांच्या वर झाली. आता पाय पेडलावरून उतरला तरी त्याची ड्यूटी संपत नाही.

त्या आमच्या शेजारी राहतात, मधे एक कमरेएवढी भिंत. पण खरी ओळख झाली ती सर्वेक्षणात. मी जिल्हा परिषदेचा शिक्षक, म्हणजे घरोघर फिरून माहिती गोळा करणारा माणूस. वेळ उरला तर शिकवतो. त्यांच्या दारात उभा राहून मी विचारलं, "व्यवसाय?"

"ऐकते," त्या म्हणाल्या.

"ते ठीक आहे. व्यवसाय काय लिहू?"

"तेच तर सांगून राहिले. ऐकते आन लिहिते."

मी फॉर्म पुढं केला. नोकरी लिहावं तर कंपनी हैदराबादेत, ऑफिस न्हाणीशेजारच्या खोलीत, पगाराची पावती नाही, पीएफ नाही. मजुरी लिहावं तर बाई खुर्चीवर बसते. धंदा लिहावं तर डोक्यावर साहेब आहे. गृहिणी म्हटलं तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पेन उचलला. शेवटी 'इतर' वर खूण केली.

"इतर?" त्या म्हणाल्या. "सर, इतकी वर्षं कमर मोडून काम करून राहिले मी, आन तुमी एका खुणेत मला 'इतर' करून टाकलं?"

तेव्हापासून मला हाक मारायची असली की भिंतीवरून म्हणतात, "सर, इतर आल्यात, दार उघडा."

त्यांना पैसा मिळतो तो ओळीवर. ओळ म्हणजे आपल्या वहीतली नव्हे. पासष्ट अक्षरं झाली की कॉम्प्युटर एक ओळ धरतो. जितक्या ओळी तितकी मिळकत, आणि एका ओळीचा भाव रुपयाच्या आतबाहेर. त्यामुळं ताईंना जगातली प्रत्येक वस्तू ओळींत दिसते. आठवडी बाजारात मेथीची जुडी हातात घेऊन म्हणतात, "पंधरा ओळी? काहून एवढ्या?" बाजारातल्या बायका आता सरावल्यात. "ओळी तुमच्याजवळच ठेवा ताई," म्हणतात, "मला रुपये द्या."

सुट्ट्यांचंही तसंच. फायली तिकडून येतात, म्हणून सण तिकडचे. दिवाळीच्या पाडव्याला ताई हेडफोन लावून बसलेल्या असतात आणि नोव्हेंबरातल्या एका भलत्याच गुरुवारी, अमेरिकेत सगळं बंद म्हणून, पुरण शिजवतात. त्या गुरुवारी आमच्या घरी पोळ्या येतात. कशाच्या म्हणून आम्ही विचारत नाही. वर्षातून एकच सुट्टी त्या स्वतः मागून घेतात, चौदा एप्रिलची. महिनाभर आधी कंपनीला कळवतात: त्या दिवशी मी नाही, बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस तुमचे.

डॉक्टरांना त्यांनी नावं ठेवलेली आहेत. एक 'पानवाला', तोंडात तोबरा भरल्यागत बोलतो. एक 'जिनेवाला', जिना चढताचढताच बोलतो, त्यामुळं पेशंटपेक्षा त्यालाच दम लागलेला असतो. एक बाई चिप्स खात सांगते. "हार्ट म्हणते आन कुर्रकन चावते," ताई सांगतात. "माझ्याच काळजात होतं." पण डॉक्टरापलीकडं एक अक्षर त्या बोलत नाहीत. आमच्या मंडळीनं एकदा सहज विचारलं, आज कुणाला काय झालं होतं? ताईंनी उठून खिडकी लावली, जणू तो पेशंट बाहेरच उभा होता. "वैनी, डॉक्टरचं काय बी इचारा. पेशंटचं न्हाई. त्या बिचाऱ्याला ठाऊक बी न्हाई का त्याचं दुखणं कळमनुरीत येऊन राहिलं."

गावात मात्र बोलवा अशी की ह्या बाईला अमेरिकेचे डॉक्टर विचारून औषध देतात. पुसेगावचा एक गडी थेट एक्स-रे घेऊन आला. ताईंनी तो उजेडात धरला, इकडून बघितला, तिकडून बघितला. "दादा, ह्यो बोलतो का?"

"न्हाई."

"मग मला काय कळणार? बोलला असता तर लिहून देलं असतं. हिंगोलीला डॉक्टरकडं जा. आजच्या आज जा." आणि तो जातो की नाही हे बघायला त्याच्याबरोबर बसस्टँडपर्यंत गेल्या. ओळी बुडवून.

दोन वर्षांपूर्वी आमच्या सूनबाईंनी, अश्विनीनं, हे काम शिकायचं मनावर घेतलं. ती बी.एस्सी. झालेली, पोरगं सहा महिन्यांचं, माझा मुलगा नांदेडला शोरूममध्ये कामाला, रोज जाऊन येऊन. घरात बसून चार पैसे मिळाले तर बरं, असा विचार. मी तिला घेऊन ताईंकडं गेलो. मला वाटलं, ताई खूश होतील. त्यांनी अश्विनीला समोर बसवलं आणि दहावीच्या मास्तरसारखं सुरू केलं.

"आधी ऐक. घरी बसून काम म्हंजी घरचं काम न्हाई. फाईल आली का बारा तासांत परत गेली पायजे. लाईट गेली, लेकरू रडलं, पाव्हणे आले, हे कंपनीला सांगायचं न्हाई. शंभरात अठ्ठ्याण्णव बराबर आलं पायजे. औषधाचं नाव चुकलं तर त्या फायलीचा पैसा न्हाई. अर्ध्या फायली आता मशीनच लिहून राहिलं, आपण नुसतं तपासायचं. त्याला ओळीमागं निम्मे. बसलीस तर पैसा, न्हाई बसलीस तर न्हाई. आजारी पडायची रजा न्हाई. आता सांग, काहून करायचं हे?"

अश्विनीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, तुमी काहून करता?"

ताईंचा पाय हलला. डावीकडं की उजवीकडं, ते मला दिसलं नाही. "उद्या सकाळी ये," त्या म्हणाल्या. "लेकराला घेऊन ये."

चार महिने त्यांनी तिला शिकवलं, एक पैसा न घेता. पोरगं ताईंच्या मांडीवर, हेडफोन अश्विनीच्या कानाला. शिकवायला जुन्या, नावं काढून टाकलेल्या सरावाच्या फायली असत. "ऐकू आलं तेच लिही," हे त्यांचं ब्रीद. "अंदाज लावायचा आसंल तर मटका खेळ." एखादा शब्द तीनदा ऐकूनही कळला नाही तर जागा रिकामी सोडायची, पण मनानं काही घुसडायचं नाही. माझ्या नातवाच्या तोंडून पहिला शब्द फुटला तेव्हा घरात वाद झाला; मंडळी म्हणाली 'आजी' म्हणाला, मी म्हणालो 'आबा'. ताईंनी निकाल दिला, "स्पष्ट न्हाई. रिकामी जागा सोडा."

अश्विनी कंपनीची परीक्षा पास झाली आणि तिला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं. रोजच्या ठरलेल्या ओळी भरल्या तर कायम, नाहीतर नमस्कार. आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या वाट्याला आला पानवाला.

तेव्हा मला ह्या धंद्यातली खरी गोम कळली. गुळगुळीत बोलणाऱ्याच्या ओळीला जो भाव, तोच पानवाल्याच्या ओळीला. एकाच्या तासाला दीडशे ओळी होतात, दुसऱ्याच्या तीस होता होत नाहीत. म्हणून जुने लोक चांगला आवाज असलेला डॉक्टर पकडून ठेवतात, त्याच्या फायली दुसऱ्याला जाऊ देत नाहीत. नव्या माणसाच्या पदरी पडतो तो पानवाला. तिसऱ्या आठवड्यात अश्विनी पदरानं डोळे पुसत स्वयंपाकघरात आली. "आबा, दिवसभर बसले, निम्म्या बी ओळी न्हाई भरल्या. लेकराकडं बी बघितलं न्हाई. मी सोडून देते."

भिंतीपलीकडं ताई वाळवण उलटत होत्या. त्यांनी ऐकलं असणार. ऐकण्याचेच पैसे घेतात त्या. पण वाळवण उलटतच राहिल्या.

पुढच्या सोमवारी अश्विनीच्या कॉम्प्युटरवर वेगळ्याच डॉक्टरच्या फायली आल्या. म्हातारा आवाज, सावकाश, एकेक शब्द ताटात वाढल्यासारखा. अवघड औषधाचं स्पेलिंग तो स्वतःच सांगायचा. आठ दिवसांत तिच्या ओळी भरायला लागल्या, महिन्यात वर जायला लागल्या. दुपारी दोनला तिचं काम संपायचं. तीन महिन्यांनी ती कायम झाली. आम्ही पेढे वाटले. शोभाताईंनी पेढा खाल्ला आणि म्हणाल्या, "चांगलं झालं. औषधाची नावं दोनदा तपासत जा."

त्याच दिवसांत एक गोष्ट मंडळीच्या लक्षात आली होती. ताईंच्या घरातून बाराला येणारा फोडणीचा वास आता चारला येत होता. मी विचारलं तर म्हणाल्या, "कंपनीनं काम वाढवलं." बाजाराला यायच्या बंद झाल्या. भिंतीवरून 'इतर आल्यात' ही हाकही बंद झाली.

उलगडा झाला तो हैदराबादच्या कंपनीतल्या मॅडमच्या फोनवर. त्यांनी अश्विनीचं कौतुक करायला फोन केला होता, बोलणं हिंदीत. बोलता बोलता म्हणाल्या, "शोभा मॅडम को थँक्स बोलना. ग्यारह साल से वो डॉक्टर उनके पास था, किसी को हाथ नहीं लगाने दिया. खुद ही बोलीं, नई लड़की को दे दो, उसका वाला मुझे दे दो."

अश्विनी फोन ठेवून तशीच उठली. मीही नातवाला कडेवर घेऊन मागं गेलो. ताई खोलीत हेडफोन लावून, डोळे मिटून, ओठ आवळून बसल्या होत्या. कानात पानवाला असणार. आम्हाला बघून त्यांनी पेडल सोडलं आणि आधी स्क्रीन झाकली.

"ताई, हे काहून केलं?" अश्विनीनं दारातूनच विचारलं. "तुमची मिळकत निम्मी झाली असंल. मी आत्ता मॅडमला सांगते, तुमचा डॉक्टर तुमाला परत द्या म्हणून."

"काय बी सांगायचं न्हाई," ताई वसकन म्हणाल्या. "मला एकटीला किती लागतं? आन वेळ मला लागतो त्याच्यापक्षा जास्तीच हाये. तुझं लेकरू हाये. ते एकदाच लहान ऱ्हातंय."

"पण अकरा वर्षं—"

"अकरा वर्षं ऐकला. पुष्कळ झालं."

मी नातवाला खाली सोडलं. तो टेबलाखाली रांगत गेला आणि पेडलावर दोन्ही हात आपटायला लागला. ताईंनी वाकून त्याला उचललं, त्याचे हात पुसले, उगाचच पुन्हा पुसले. मग अश्विनीकडं न बघता म्हणाल्या, "त्यो शेवटाला म्हणतो का गं अजून?"

"काय?"

"फाईल संपल्यावर. लिहिणाऱ्याला."

अश्विनीच्या लक्षात आलं. मग म्हणाली, "व्हय ताई. रोज म्हणतो. जो कोणी हे टाइप करत असंल त्याला थँक यू, दिवस चांगला जावो, असं. मी पहिल्या दिवशी ते बी टाइप केलं, तर मॅडमनं चूक धरली."

"ते लिहायचं नसतंय," ताई म्हणाल्या. "ते आपल्याला असतंय."

त्यांची आई गेल्याला बारा वर्षं झाली. आईला अर्धांगवायू झाला म्हणून त्या हैदराबादचं ऑफिस सोडून काम घेऊन घरी आल्या होत्या, वर्षाच्या आत आई गेली. त्यानंतर त्या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. आमच्या घरचं चहापाणी, बाजारातल्या बायका, कधीमधी कुणाचा एक्स-रे, एवढंच. हे सगळं मला माहीत होतं. सर्वेक्षणात मीच 'कुटुंबातील व्यक्ती: एक' असं लिहिलं होतं.

अश्विनीनं डॉक्टर परत द्यायची गोष्ट पुन्हा काढली नाही. काढली असती तर ताईंनी बोलणं टाकलं असतं. पण हैदराबादला फोन करून तिनं पानवाल्याच्या निम्म्या फायली आपल्याकडं मागून घेतल्या. "शिकले आता मी," म्हणाली. ताई चिडल्या, दोन दिवस रुसल्या, तिसऱ्या दिवशी बाराला फोडणीचा वास आला.

आता दुपारी शेवटची फाईल पाठवली की अश्विनी पोराला कडेवर घेऊन भिंतीपाशी जाते. ताई तिकडं भांडी घासत असतात.

"ताई, आज बी म्हणाला."

"बरं," ताई म्हणतात, आणि घासत राहतात.

परवा शनिवारी अश्विनी म्हणाली, "ताई, आज थँक यू म्हणाला, आन वर सुट्टी मजेत जावो म्हणाला."

ताईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि वर बघितलं. "शुक्रवारची फाईल आसंल," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी म्हणतोच त्यो तसं."