लॉर्डसाहेबांची तालीम

"आज काहीही चुकणार नाही," टॉर्क्विल गेडिसने सकाळीच बायकोला बजावलं. ऊना त्याच्या गणवेशाला इस्त्री करत होती. ती नुसतं "हं" म्हणाली.

टॉर्क्विल हा ग्लेनॅर्ड जिल्ह्याचा लॉर्ड लेफ्टनंट, म्हणजे राजाचा तिथला प्रतिनिधी. पगार नाही, सत्ता नाही. तलवार तेवढी आहे. शंभरी गाठलेल्या आजीबाईंना राजाच्या शुभेच्छा पोचवायच्या, आणि राजघराण्यातलं कोणी आलं की पुढे होऊन स्वागत करायचं. पण ग्लेनॅर्डला मरायला कोण येतंय? पंचाहत्तरी भरली की पद सुटतं, आणि ती पुढच्याच महिन्यात भरत होती. अशात खरोखरच एक राजकन्या यायची ठरली. निमित्त, या पदाच्या इतिहासाचा सोहळा.

इतिहास जरा अवघडच होता. दोनशे वर्षांपूर्वी इथल्या पहिल्या लॉर्ड लेफ्टनंटने गावच्या पोरांना सक्तीने फौजेत भरायला सुरुवात केली, तेव्हा बायकांनी सलगमाचे गड्डे फेकून त्याला वेशीपार पिटाळलं होतं. गावकरी तोच प्रसंग करून दाखवणार होते. राजकन्या दुपारी यायची होती, म्हणून सकाळी तालीम. ऐन वेळी त्या लॉर्डचं काम करणाऱ्या पोस्टमास्तरांची कंबर धरली.

"तालमीपुरता मी उभा राहतो," टॉर्क्विल म्हणाला. नाटकातला जुना कोट आणि विजार घातली, विग चढवला आणि चौकात जाऊन उभा राहिला. फोन घरच्या पँटीत राहिला.

बायकांची पुढारी मोरॅग मॅकफी. तिचं मटणाचं दुकान होतं आणि दंडही त्याला शोभतील असे.

"मोरॅग, तालीम आहे. जरा हळू मारा," टॉर्क्विल म्हणाला.

"माझ्या खापरपणजोबांना ओढून नेलं होतं तुम्ही."

"मी कुठे नेलं?"

"पद तेच ना?"

पहिलं सलगम थेट कानावर बसलं. दुसरं बसायच्या आत टॉर्क्विल पळत सुटला, आणि मागून अख्खं महिला मंडळ.

तिकडे वाऱ्यामुळे बेटावर जाणारी बोट रद्द झाली होती, त्यामुळे तिथला सकाळचा कार्यक्रम गाळून राजकन्या थेट ग्लेनॅर्डकडे निघाली होती. तसा निरोप टॉर्क्विलच्या पँटीत कितीदा तरी वाजला. शेवटी ऊनाने तो ऐकला आणि गणवेश हातावर टाकून धावत सुटली.

पुलाशी काळी गाडी वळली. ती बघताच टॉर्क्विल सलगम विसरला. आयुष्यभर वाट पाहिलेला क्षण! हात पुढे करून तो दाराकडे झेपावला. अंगरक्षकाला दिसलं ते असं: विग तिरका झालेला एक म्हातारा अंगावर येतोय आणि मागून किंचाळणारा जमाव. त्याने म्हाताऱ्याला चिखलात लोळवलं आणि पाठीवर बसला.

राजकन्या उतरली. "लॉर्ड लेफ्टनंट कुठे आहेत?"

धापा टाकत पोचलेल्या ऊनाने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने चिखलातूनच मान हलवली: नको, सांगू नकोस.

"त्यांना... बरं नाही, मॅडम," ऊना म्हणाली.

"अरेरे. फार त्रास आहे का?"

"आडवेच आहेत," मोरॅग म्हणाली.

राजकन्या हळहळली. स्वागताला मिळालेला गुच्छ तिने ऊनाच्या हाती दिला. "त्यांना द्या. लवकर बरे व्हा म्हणावं."

मग तिने महिला मंडळाबरोबर फोटो काढून घेतले आणि ती गेली.

संध्याकाळी टॉर्क्विल कानावर बर्फ धरून स्वयंपाकघरात बसला होता. समोर बरणीत ती फुलं होती. ऊनाने चहा ठेवला.

"आता जरा बरं वाटतंय का?" तिने विचारलं.