वैजूकाकूंनी नाकारलेल्या नोकऱ्या

वैजूकाकू मुलाखतीला गेल्या की आधी त्या ऑफिसचं बाथरूम बघतात. मग पॅन्ट्री. मग खुर्चीत बसून समोरच्या मॅनेजरलाच विचारतात, "बोला, तुमच्या अपेक्षा काय?"

घरी आल्यावर चप्पल काढता काढता निकाल लागतो. "स्थळ बरं आहे. माणसं सुशिक्षित. पण चहा टी-बॅगचा. नाही जमायचं." दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन करून रीतसर नकार कळवायचा. मेल नाही, फोन. "ताटकळत ठेवू नये कोणाला."

यात चिडण्यासारखं काय, असं कुणी विचारेल. सांगते. वैजूकाकूंना नोकरी नकोच आहे. नोकरी त्यांच्याकडे आहे!

मी मुक्ता. काकूंच्या बिशानच्या फ्लॅटमध्ये एका खोलीत भाड्याने राहते. आम्ही दोघी पाया लेबारच्या एकाच ऑफिसात कामाला होतो आणि एकाच सकाळी, एकाच मीटिंग रूममध्ये, दोघींना नारळ मिळाला. काकूंना आठवड्याच्या आत जुन्या ओळखीतून दुसरी नोकरी लागली. फक्त नवं ऑफिस तयार व्हायचं होतं, तोवर थांबा म्हणाले. काकू इथल्या नागरिक, त्यामुळे थांबण्याचेही पैसे. सरकारी बेकारभत्ता! अट एवढीच की काम शोधत राहायचं. अर्ज केला की पॉइंट, कोर्सला बसलं की पॉइंट, मुलाखत दिली की पॉइंट. पॉइंट भरले की त्या महिन्याचा भत्ता.

काकूंनी भत्त्याच्या काउंटरवर खरं ते सांगून टाकलं होतं, नोकरी ठरली आहे म्हणून. तिथली बाई म्हणाली, "आँटी, नॉट स्टार्टेड मीन्स नॉट वर्किंग, लाह."

"म्हणजे साखरपुडा झालाय, लग्न नाही," काकूंनी मला अर्थ समजावला. आणि निघाल्या स्थळं बघायला.

आणि मी? मी एम्प्लॉयमेंट पासवाली, म्हणजे परक्या देशातून कामाच्या परवान्यावर आलेली. आम्हाला भत्ता नाही, पॉइंट नाहीत. नोकरी गेली की पास गेला, आणि थोड्या आठवड्यांत दुसरी मिळाली नाही तर बॅग भरायची. पुण्यात मी कंत्राटी कामगारांसाठी पत्रकं लिहिली आहेत, चौकात उभी राहून वाटली आहेत. अन्याय दिसला की माझ्या डोक्यात आपोआप मथळा छापला जातो. पण इथे लिफ्टमध्ये कागद चिकटवायलाही परवानगी लागते, म्हणून मी तो मथळा जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवला.

"काकू, मीही इथे टॅक्स भरलाय. घाम तोच, कर तोच, मग आधार एकीलाच का?"

"भरलास ना टॅक्स? शाबास. आता वरण गरम कर."

स्पष्टच लिहिते, मला काकूंचा हेवा वाटायचा. भत्त्याचा वाटायचाच, पण त्याहून जास्त त्यांच्या इस्त्रीच्या मोतिया कुर्त्याचा, सकाळी कुठेतरी जायचं असण्याचा. माझ्या अर्जांना मशीन उत्तरं पाठवायचं, आभारी आहोत म्हणून. काकूंना माणसं फोन करायची, आर्जवं करायची, पुन्हा विचार करा म्हणायची. आणि काकू पोळी लाटता लाटता म्हणायच्या, "नाही हो. पत्रिका नाही जुळत." इंग्रजीत! त्या माणसाला काय कळलं असेल कोण जाणे, पण तो पलीकडे हसायचा. माझ्याशी कुठली कंपनी कधी हसली नव्हती.

कळस झाला तुआसच्या कंपनीचा. बाथरूम चकाचक, पॅन्ट्रीत फिल्टर कॉफी, खिडकीतून समुद्र. काकू खुशीत घरी आल्या, सगळं वर्णन केलं, आणि नकार द्यायचा म्हणाल्या.

"का?"

"लांब आहे."

"तुम्हाला तिथे जायचंच नाहीये, काकू! लांब असलं काय आणि जवळ असलं काय!"

"लांब ते लांब."

त्या दिवशी मी जेवताना एक शब्द बोलले नाही. काकूंनी न विचारता पुन्हा भात वाढला, तेवढंच. काका मरीन इंजिनीअर, वर्षातला बराचसा काळ जहाजावर. मुलगा पर्थला, व्हिडिओ कॉलवर "मा, चिल लाह" म्हणून ठेवून देणारा. त्या घरात आम्ही दोघी गप्प बसलो तर फक्त पंख्याचा आवाज येतो.

बॅग माळ्यावरून खाली काढली त्याच आठवड्यात मला एक फोन आला. मी जिथे अर्जच केला नव्हता अशी एक छोटी कंपनी. बिशानहून एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, न बदलता जाता येतं. मुलाखतीला मिस लिम नावाच्या मॅनेजर समोर बसल्या होत्या. मला निरखून म्हणाल्या, "सो यू आर द फायटिंग गर्ल?"

"म्हणजे?" मी विचारलं.

त्यांनी सांगितलं ते असं. तुझी आँटी आली होती. आमची नोकरी नको म्हणाली, पण माझ्या घरी एक मुलगी आहे म्हणाली. भांडखोर आहे, तोंडावर बोलते, स्वयंपाक येत नाही. पण खोटं बोलणार नाही आणि हातातलं काम अर्धवट सोडणार नाही. "आणि एक गंमत," मिस लिम म्हणाल्या. "ती स्वतः सिटिझन, पण पहिला प्रश्न पासचा. तुम्ही पास काढून देता का? आम्हाला वाटलं, बाई गोंधळली आहे."

नोकरी मिळाली. पासही मंजूर झाला. त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा काकू गॅस पुसत होत्या.

"काकू, माझं नाव तुम्ही सुचवलंत?"

"नकार देताना दुसरी मुलगी सुचवतात. आपल्यात रीतच आहे."

"सगळीकडे सुचवलंत?"

"बहुतेक."

"तुआसला?"

काकूंनी पुसलेलाच गॅस पुन्हा पुसायला घेतला.

"ते पास देत नव्हते का?"

"देत होते."

"मग?"

"सांगितलं होतं ना, लांब आहे." पाठ माझ्याकडेच होती. "तू तिकडेच खोली घेतली असतीस."

एका कामगारापासून नोकरी लपवली! मथळा डोक्यात छापून तयार होता, अगदी ठळक. मी तोंड उघडलं आणि भलतंच बोलले.

"या कंपनीत चहा टी-बॅगचाच आहे, काकू."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या, आणि दोन कपांचं आधण ठेवलं. "सकाळी इथून पिऊन जात जा."