सातव्या थराचे बाण

निरुपमाबेन वसावडांनी त्या सोमवारी दुपारी बारापर्यंत तीन माणसांना झापून काढलं होतं. जीपवाल्याला, कारण तो तासभर उशिरा आला. ड्रिलवाल्याला फोनवर, कारण त्याने दुरुस्त करून दिलेलं ड्रिल टेकडीवर पोचताच पुन्हा बंद पडलं. आणि कॉलेजच्या प्राचार्यांना, तेही फोनवरच, कारण त्यांनी पुढच्या सोमवारी बेनना परीक्षेच्या कामाला जुंपलं होतं. चौथा टेकडीखालच्या गावातला नाथाभाई होता. त्या बिचाऱ्याने फक्त एक प्रश्न विचारला होता.

"बेन, हा बाण कसला?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"तसं नाही, पण त्याचं तोंड आमच्या गोठ्याकडे आहे, म्हणून आपलं विचारलं."

"सरकारी काम आहे! दगडाला हात लावलात तर आत जाल!"

काम सरकारी बिरकारी काही नव्हतं. निवृत्तीला चार महिने उरलेल्या एका भूशास्त्राच्या प्राध्यापिकेचं ते शेवटचं संशोधन होतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटून लाव्हा थरावर थर ओतत गेला, त्यातलेच काही थर काळीधार गावाच्या या टेकडीत आहेत. लाव्हा थिजताना त्यातले लोहाचे कण तेव्हाच्या उत्तरेकडे तोंड करून बसतात. आज दगडावर आजची उत्तर बाणाने दाखवायची, मग तो तुकडा काढून यंत्राखाली धरायचा, की तेव्हाचं पृथ्वीचं चुंबक कुठे होतं ते कळतं. बेननी सूर्यावरून उत्तर काढून सातव्या थरातल्या बारा दगडांवर बारा लाल बाण रंगवले, ड्रिलच्या नावाने बोटं मोडली आणि त्या निघून गेल्या. हे सगळं नाथाभाईला सांगायला दोन मिनिटं लागली असती. पण राग नाकावर घेऊन फिरणाऱ्या माणसाकडे दोन मिनिटं कधी नसतात.

टेकडीच्या उत्तरेला काळीधार गाव. म्हणजे बाराच्या बारा बाण गावावर रोखलेले. संध्याकाळी सरपंच सवजीभाईंच्या ओट्यावर गाव जमलं.

"रस्ता आहे. सरकारी काम म्हणाली बाई, स्वतःच्या तोंडाने," नाथाभाई म्हणाला.

"बारा बाण म्हणजे लहानसहान रस्ता नव्हे. तुझ्या गोठ्यातून शिरणार आणि माझ्या ओसरीतून बाहेर पडणार," त्याचा शेजारी गोबरभाई म्हणाला.

"मग बाण जरा तुझ्या कपाशीकडे वळवू या."

"वळवून तर बघ! हात तोडून देईन हातात!"

दोघांनी एकमेकांची गळपट्टी धरली तेव्हा सवजीभाईंनी चहाची बशी खाली ठेवली. "भांडता कशाला रे? पूर्वेला धीरूची जमीन पडीक आहे. तो सुरतेत हिरे घासतोय, दिवाळीशिवाय तोंड दाखवत नाही. रस्ता जायचाच तर त्याच्या जमिनीतून जाऊ दे."

गैरहजर माणसावर गावाचं लगेच एकमत होतं. दुसऱ्या दिवशी रॉकेलने बाण पुसले गेले. माताजीच्या देवळाच्या पायऱ्या रंगवून उरलेला लाल रंग होताच. सरकारी काम वाकडं दिसायला नको म्हणून गवंडी बोलावला. त्याने दोरी ताणून, गुण्या लावून बाराही बाण बरोबर काटकोनात पूर्वेकडे वळवून दिले. असं नेटकं काम त्याने कुणाच्या घराचंही केलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी बेन परीक्षेत अडकल्या, म्हणून ड्रिल घेऊन त्यांची विद्यार्थिनी फाल्गुनी आली. बाण होते तीच उत्तर धरून तिने प्रत्येक बाणाच्या शेजारून एक, असे बारा तुकडे काढले.

यंत्राने आकडे दिले आणि निरुपमाबेन खुर्चीतून उठल्या. बारापैकी बारा तुकडे एकच सांगत होते: सातवा थर थिजला तेव्हा पृथ्वीचं चुंबक आडवं पडलं होतं!

याच एका वाक्यासाठी त्या तीस वर्षं भांडत होत्या. भांडण वडोदऱ्याच्या डॉ. पिनाकीन अंतानींशी. अंतानींनी तरुणपणी याच टेकडीच्या याच थरावरून जाहीर केलं होतं की चुंबक एका झटक्यात उलटं झालं. त्या एका निबंधावर त्यांना खुर्ची मिळाली, शाली मिळाल्या. निरुपमाबेन म्हणायच्या, एवढं मोठं चुंबक एका झटक्यात कसं उलटेल, आधी आडवं व्हायलाच हवं. त्यावर अंतानी भर सभेत म्हणाले होते, "बेन, चुंबक म्हणजे काय म्हैस आहे, आधी आडवी पडायला?" सभा हसली होती. ते हसणं बेन अजून विसरल्या नव्हत्या.

आता त्यांनी वडोदऱ्याच्या परिषदेत बारा आकडे फळ्यावर मांडले. अंतानी उभे राहिले.

"मला दगड बघायचे आहेत. जागेवर."

"चला ना! उद्याच चला! डोळे फाडून बघा!"

दुसऱ्या दिवशी अंतानी, फाल्गुनी आणि बेन टेकडीवर पोचले. पहिल्या दगडावरचा बाण उत्तरेकडे होता. दुसऱ्यावरचा नैर्ऋत्येकडे. तिसऱ्यावर दोन बाण होते, दोन दिशांना. चौथा सरळ खाली जमिनीत घुसत होता.

मधल्या काळात घडलं होतं ते असं. रस्त्याची बातमी सुरतेला पोचली, धीरूच्या पडीक जमिनीला गिऱ्हाइकं येऊ लागली. ते बघून गावाच्या पोटात दुखलं आणि ज्याने त्याने एकेक दगड गाठून बाण आपापल्या शेताकडे फिरवून घेतला. चौथ्या दगडाचा मालक विहिरीसाठी अर्ज करून बसला होता.

अंतानी पोट धरून हसायला लागले. "वा बेन! चुंबक आडवंच काय, गरगर फिरलं की!"

"फाल्गुनी! तू ड्रिल केलंस तेव्हा बाण कुठे होते?"

"पूर्वेकडे, बेन. मला तेव्हाच वाटलं होतं, पण..."

"पण काय? तोंड शिवलं होतं?"

"विचारलं असतं तर तुम्ही ओरडल्या असतात," फाल्गुनी म्हणाली आणि रडायला लागली.

तेवढ्यात गाडी बघून नाथाभाई वर आला. बेन त्याच्या अंगावर धावल्या. "माझ्या तीस वर्षांची माती केलीत तुम्ही! अडाणी कुठले! कोणी सांगितलं होतं बाण फिरवायला?"

आता नाथाभाईही पेटला. "आवाज खाली, बेन! आधी आमच्या घरांवर बाण रोखायचे आणि वर आम्हालाच शिव्या? मी सरळ विचारलं होतं ना? काय म्हणालात? आत टाकीन! मग घर वाचवायला बाण फिरवू नको तर काय आरती करू त्याची?"

अंतानींनी हसून ओले झालेले डोळे पुसले. "बेन, शास्त्रज्ञाने बाण राखायला शिकावं. मी तीस वर्षांपूर्वी इथे पांढरे बाण केले होते, पंधरा दिवसांनी येऊन तुकडे काढले, पण एक बाण हलला असेल तर..."

"ते पांढरे बाणवाले साहेब तुम्हीच काय?" नाथाभाईने त्यांना खालून वरून न्याहाळलं. "आमचे बापा तुमच्या नावाने मरेपर्यंत बोटं मोडत होते. त्यांनीही विचारलं होतं तुम्हाला, साहेब, बाण कसला? तुम्ही म्हणालात, सरकारी काम आहे, हो बाजूला."

अंतानींचं हसू ओठावरच राहिलं. "मग?"

"मग काय! बापांनी सगळे बाण उलटे फिरवले. गावाकडून बरोबर पाठीमागे, माताजीच्या देवळाकडे. देवीला पाडून रस्ता नेईल अशी छाती कुठल्या सरकारची आहे?"

अंतानी हळूच दगडावर बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. बेननी त्यांना आपली बाटली दिली, मग वही काढली. बेननी आपला पाव फेरा वजा केला, अंतानींनी आपला अर्धा. दोन्ही उत्तरं एकच आली: सातवा थर थिजला तेव्हा चुंबक आडवं पडलं नव्हतं की उलटं झालं नव्हतं. ते निमूटपणे जागच्या जागी, उत्तरेलाच होतं. तीस वर्षांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं, आणि दोघांनाही ते मुळीच नको होतं.

"म्हणजे हललं काहीच नव्हतं?" फाल्गुनीने नाक पुसत विचारलं. या वेळी तिच्यावर कोणी ओरडलं नाही.

निरुपमाबेन नाथाभाईसमोर मांडी घालून बसल्या. म्हणाल्या, "नाथाभाई, चुकलं माझं. ऐका." आणि त्यांनी लाव्हा, लोह, उत्तर, बाण सगळं सांगितलं. रस्त्याशी याचा काडीचाही संबंध नाही, हे तीनदा सांगितलं. नाथाभाईने मान हलवत सगळं ऐकलं, हात जोडले आणि तो झपाझप टेकडी उतरून थेट सवजीभाईंच्या ओट्यावर गेला.

"काय म्हणाली बाई?"

"भलतीच गोड बोलली. माफी मागितली, मांडी घालून बसली, पाऊण तास समजावत होती. म्हणे रस्ता नाहीच."

सवजीभाईंनी बशी खाली ठेवली. "एवढं गोड बोलतात म्हणजे रस्ता नव्हे," ते म्हणाले. "आता नक्की धरण आहे."