महानंदाअक्का एकट्या फिरतात

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या महानंदाअक्का परदेशात गेल्या की फक्त कन्नड बोलतात. सोलापुरात त्या आमच्याशी मराठीत बोलतात, दुधनीच्या भावकीशी कन्नडमध्ये आणि भाजीवाल्याशी भाव उतरेपर्यंत दोन्हींत. पण एकदा का विमान परक्या शहरात उतरलं, की मराठी बंद. नोकरीत टायपिंग करून करून इंग्रजी चांगलं येतं, तेही बंद.

"इंग्रजीत 'नो' म्हटलं की समोरचा खूश होतो. हिला इंग्रजी येतं म्हणतो आणि मग सोडतच न्हाय," त्यांनी मला एकदा जिन्यात समजावलं होतं. "कन्नडमध्ये 'बेड' म्हणायचं. नको म्हणून. त्याला कळतच न्हाय, ही कुठल्या देशाची म्हातारी हाय. त्याचा इचारच थांबतो की!"

अक्कांनी लग्न केलं नाही. सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून राबल्या आणि आईला सांभाळलं. तोवर त्यांचा एकटीनं केलेला सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे कुर्डुवाडी. आई गेली, निवृत्ती आली आणि अक्कांनी पासपोर्ट काढला. तेव्हापासून वर्षातून एकदा इरकल साडी, पायात पोराटोरांसारखे धावायचे बूट, कपाळावर विभूती आणि बॅगेत कडक भाकरी-शेंगाचटणी अशा थाटात त्या निघतात. ताश्कंद झालं, हनोई झालं. टूरबिर काही नाही. एकट्या.

"भीती नाही वाटत?" असं आमच्या इमारतीतल्या प्रत्येकानं त्यांना विचारून झालंय.

"वाटते की! पण भीती म्हणजे चुलीवरचं दूध. नजर हटली की उतू जातं. म्हणून तर मी नजर हटवत न्हाय."

मी एका टॉवेलच्या कारखान्यात नमुन्यांचं काम बघते. गेल्या वर्षी मालकांनी मला इस्तंबूलच्या प्रदर्शनाला पाठवलं. माझा पहिलाच परदेश. प्रदर्शन संपलं आणि परतीच्या विमानाआधी अख्खा एक दिवस मोकळा निघाला. खोलीला आतून कडी लावून झोपायचं, असा माझा बेत होता. पण अक्कांची त्या वर्षीची स्वारी नेमकी त्याच शहरात होती. मी फोन केला, "अक्का, आजचा दिवस तुमच्याबरोबर येऊ?"

"बरोबर न्हाय. मी एकटी फिरते. पाहिजे तर मागनं ये. बोलायचं न्हाय."

आणि खरोखर सकाळी त्या पुढे आणि मी बरंच अंतर ठेवून मागे, अशी आमची वरात निघाली. कुणी पाहिलं असतं तर मीच त्यांच्या पाळतीवर आहे असं वाटलं असतं.

मला वाटलं होतं, त्या मशिदी आणि राजवाडे बघतील. त्या चौकात एका भिंतीला पाठ टेकून नुसत्या उभ्या राहिल्या. चार गल्ल्या फुटत होत्या. थोड्या वेळानं पिशव्या घेतलेल्या दोन बायका निवांत गप्पा मारत एका गल्लीत शिरल्या, तशा अक्काही त्यांच्यामागून शिरल्या. गल्ली भाजीबाजारात निघाली! तिथं त्यांनी वांगं दाबून पाहिलं, नाक मुरडलं, आणि काय आश्चर्य, भाजीवाल्यानं मुकाट्यानं खालच्या टोपलीतलं दुसरं काढून दाखवलं. नकाशा बघायची वेळ आली तेव्हा त्या औषधाच्या दुकानात गेल्या, फोन काढला, बघितला आणि बाहेर आल्या. का, ते त्यांनी मागाहून सांगितलं. "रस्त्यात फोन काढला तर वाट चुकलेली बाई दिसते. औषधाच्या दुकानात काढला तर औषध शोधणारी."

पुढं बाग लागली. बाकांवर नातवंडं घेऊन आज्या बसल्या होत्या. अक्का त्यांच्यात जाऊन बसल्या आणि मी पाण्याची बाटली काढून झाकण लावेपर्यंत एक गोबरं बाळ त्यांच्या मांडीवर! मी तोंडाचा आ करून बघत राहिले. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडाशी ओळख व्हायला मला दोन दिवाळ्या लागल्या होत्या.

बागेतून निघालो आणि मी घोटाळा केला.

एक तरुण माझ्या बाजूनं चालू लागला. कपडे नीटनेटके, इंग्रजी गोड. इंडियातून आलात का, एकट्या आहात का, आमच्याकडे पाहुण्याला चहा न देता जाऊ देत नाहीत, इथंच काकांचं गालिच्याचं दुकान आहे, घ्यायचं काही नाही. मी नको म्हणत होते, पण हसत हसत. पाय त्याच्याबरोबर चालतच होते. भानावर आले तेव्हा गल्ली अरुंद झाली होती, दुकानांना शटरं होती आणि पुढे अक्का नव्हत्या. तो एका जिन्याकडे हात करून म्हणाला, "वर या." मी पायरीशीच थांबले. तरी तोंडातून स्पष्ट नकार फुटेना. इतका वेळ गोड बोललेल्या माणसाला वाईट कसं वाटू द्यायचं!

तेवढ्यात मागून कुणीतरी माझं मनगट पकडलं. अक्का! मी मागे दिसेना म्हणून परत फिरल्या होत्या. धापा टाकत होत्या, पण चेहऱ्यावर लग्नघरातल्या यजमानिणीचं हसू. आणि आपला नियम मोडून परक्या माणसासमोर चक्क मराठीत बोलल्या.

"इचार त्याला, आई कुटं हाय तुझी?"

मी इंग्रजीत विचारलं. तो गोंधळला. म्हणाला, "घरी."

"मग दुकानात कशाला? चहा प्यायचाच तर तिच्या हातचा पिऊ. चल म्हणावं घरी. मला तिला भेटायचंय. एवढा गोड बोलणारा पोरगा, एकट्या बायकांना जिन्यावर बोलावतो, ते तिला सांगते की."

मी शब्दन् शब्द सांगितला. त्याचं हसू ओसरलं. त्यानं घड्याळात पाहिलं, काम आठवलं म्हणाला आणि आल्या वाटेनं निघून गेला. अक्का त्याच्या पाठीकडे बघत म्हणाल्या, "आईला भ्यालं. म्हणजे पोरगं अगदीच वाया न्हाय गेलेलं."

मग माझा हात न सोडता म्हणाल्या, "आता शेजारनं चाल. पाय दुखले माझे. बसायला चांगली जागा हाय."

ती जागा म्हणजे बायकांचं केस धुवायचं दुकान. काचेला पडदा, आत पुरुषाला मज्जाव. "हितं कसलाच घोर न्हाय. खुर्ची मिळते, चहा मिळतो, बाथरूम असतं," अक्का म्हणाल्या आणि सराईतासारख्या बेसिनपुढच्या खुर्चीत बसून त्यांनी अंबाडा सोडला. अक्कांचे केस मी प्रथमच मोकळे पाहिले. पांढरे, विरळ, खांद्याखाली रुळणारे.

एक मुलगी कोमट पाणी सोडून सावकाश त्यांचं डोकं चोळू लागली. सकाळपासून डोळ्यांत तेल घालून चाललेल्या अक्कांनी डोळे मिटले. मग तशाच, मिटल्या डोळ्यांनी म्हणाल्या, "दर गावात येते मी असल्या दुकानात."

"सोलापुरात का नाही जात? कोपऱ्यावर तर पार्लर आहे."

"तितं सगळ्या ओळखीच्या. म्हणतील, म्हातारीला काय सुचलं." त्यांनी मान मुलीच्या हातात आणखी सैल सोडली. "आई न्हाऊ घालायची दर रविवारी. मी रिटायर व्हायला आले तरी. शेवटी शेवटी तिला दिसत न्हवतं, पण माझं डोकं बरोबर सापडायचं. ती गेली, मग कुणाचा हातच न्हाय लागला गं. असा हात लावायला माणूस लागतं की घरात."

मुलीनं केस पुसले, विंचरले आणि झालं, अशा अर्थानं अक्कांच्या खांद्यावर हलकेच थोपटलं. अक्का उठल्या नाहीत. त्यांनी तिचा हात धरून पुन्हा आपल्या डोक्यावर ठेवला आणि अगदी लहान आवाजात म्हणाल्या, "इन्नू स्वल्प."

अजून थोडंसं.

त्या मुलीला कन्नडचा एक शब्दही येत नव्हता. तिनं आरशात अक्कांकडे पाहिलं, आणि कंगवा उचलून पहिल्यापासून विंचरायला सुरुवात केली.