दयेचं घड्याळ

नात मैदानात उतरावी म्हणून देव पाण्यात घालून बसणारे आजोबा पुष्कळ असतील. पण ती उतरल्याबरोबर तिची वेळ आपल्याच हाताने पळवायची, हे नशीब विलो बेंड गावात एकट्या डेल्मर फॉसबर्गच्या वाट्याला आलं होतं.

हायस्कूलच्या मुलींचे बास्केटबॉलचे सामने असले की घड्याळाचं बटण डेल्मरकडे. शिट्टी वाजली की थांबवायचं, चेंडू खेळात आला की सोडायचं. उभी हयात त्याने धान्याच्या कोठारावर वजनकाट्यापाशी काढली होती आणि काट्याला नातीगोती नसतात, हे वाक्य तो गावाला इतक्यांदा ऐकवून चुकला होता, की तो तोंड उघडायच्या आतच लोक ते पुरं करायचे.

आज घरच्या मैदानावरचा मोसमातला शेवटचा सामना होता. डेल्मरची नात मार्नी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. ती संघात होती, म्हणजे बाकावर होती. तिचा गणवेश धुवावा की नाही, असा तिच्या आईला दर वेळी प्रश्न पडायचा. चार वर्षांत तिच्या नावावर एकही गुण नव्हता. सामन्याआधी शेवटच्या वर्षाच्या मुलींना फुलं दिली, तेव्हा ती आजोबांच्या टेबलापाशी आली.

"एकच गुण हवाय, आजोबा. फार नाही."

"कोच उतरवतेय का तुला?"

"पस्तीसने पुढे गेलो तर, म्हणाल्यात."

गोम नेमकी इथेच होती. सामन्याच्या उत्तरार्धात एखादा संघ पस्तीस गुणांनी पुढे गेला, की घड्याळ थांबवायचं नाही असा नियम आहे. शिट्टी वाजो, चेंडू बाहेर जावो, ते आपलं पळतच राहतं. हरणाऱ्यांची फार शोभा होऊ नये म्हणून केलेली ही दया. फरक पस्तिसाच्या खाली आला, की घड्याळ पुन्हा माणसात येतं. आणि कोच टोलफसन पूर्वी एकदा जिंकलेला सामना हरून बसल्या होत्या. तेव्हापासून पस्तीसची आघाडी झाल्याशिवाय त्या राखीव मुलींकडे ढुंकूनही पाहत नसत. म्हणजे मार्नी उतरणार आणि घड्याळ उधळणार, दोन्ही एकाच मुहूर्तावर.

तिसऱ्या सत्रात बावन्न-सतरा झालं. डेल्मरने मान हलवून घड्याळ मोकळं सोडलं. कोचनी बोट दाखवलं, मार्नी उठली, तिने जॅकेट काढलं. तेवढ्यात पाहुण्यांच्या एका मुलीने लांबून तीन गुणांचा चेंडू टाकला.

"बस खाली," कोच म्हणाल्या.

मार्नी बसली. तिने जॅकेट घातलं. घड्याळही शहाण्यासारखं थांबू लागलं, आणि आता ते थांबून डेल्मरला काडीचा उपयोग नव्हता.

चौथ्या, म्हणजे शेवटच्या सत्राच्या मध्यावर बासष्ट-पंचवीस झालं, तेव्हा कुठे कोचचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पाचही राखीव मुली एकदम उतरवल्या. नेहमीच्या पाचजणी बाकावर जाऊन बसल्या. शेवटचा सामना म्हणून कुणाच्या तरी आईने चिली, म्हणजे खिमा-राजम्याची तिखट उसळ, आणि दालचिनीचे रोल आणले होते. मुलींनी बुटांच्या नाड्या सोडल्या आणि वाडगे मांडीवर घेतले.

मार्नीच्या हाती पहिला चेंडू आला तो तिच्या छातीवर आपटून बाहेर गेला, आणि गेला तो थेट प्रेक्षकांच्या लाकडी पायऱ्यांखाली. तिथून काही येईना. दोघेजण पोटावर झोपून हात घालू लागले. घड्याळ पळत होतं. शाळेच्या बँडमधल्या कुणीतरी तुतारीने ढोसून पाहिलं. घड्याळ पळत होतं. पायऱ्यांखालून एक हातमोजा निघाला, गेल्या वर्षीचं पॉपकॉर्न निघालं, चेंडू तेवढा निघेना. डेल्मरचं बोट त्याला न विचारताच बटणावर पडलं.

घड्याळ थांबलं.

"घड्याळ!" पाहुण्यांच्या कोच प्रुइट बाई पलीकडून ओरडल्या. त्यांना बर्फ पडायच्या आत बस घेऊन घर गाठायचं होतं. "अहो, आम्हाला इथे मुक्कामाला ठेवणार आहात का?"

मुख्य पंच रॉइस टेबलापाशी आला. तो आणि डेल्मर एका वर्गातले. "फरक किती, डेल्मर?"

"सदतीस."

"मग थांबवलंस कशाला?"

"बोट पडलं रे."

"नातीसाठी पडलं का?"

डेल्मरचा चेहरा लालबुंद झाला. दुसरे पंच कर्टिस तोवर धावत आले. वयाने तरुण, नदीपलीकडच्या राज्यातले. आठवड्यातून तीन दिवस तिकडे शिट्टी वाजवायचे, दोन दिवस इकडे.

"थांबलंय ते बरोबरच आहे," कर्टिस म्हणाले. "चाळीस झाल्याशिवाय पळत नाही."

"चाळीस तुमच्याकडे. इथे पस्तीस."

"मग एकदा पळायला लागलं, की शेवटपर्यंत पळतं. ते तरी खरं ना?"

"तेही तुमच्याकडेच. आमच्याकडे फरक कमी झाला की थांबतं."

"अहो रॉइस, पूल ओलांडताना शिट्टी तीच असते. डोक्यातलं बदलायचं कधी?"

"पुलावर," रॉइस म्हणाला.

"तोवर हे चालू ठेवायचं की बंद?" डेल्मरने विचारलं. आता नवाच घोळ झाला. घड्याळ पळवायचं की नाही यावर पंच बोलत असतील, तेव्हा ते पळवायचं की नाही? रॉइसने डोकं खाजवलं. कर्टिसने दोन्ही राज्यांच्या वतीने खांदे उडवले. ध्वनिक्षेपकावर बसलेला बँकेतला वेंडेल, कर्ज नाकारताना वापरायचा त्याच गोड आवाजात म्हणाला, "मंडळी, आपलं घड्याळ सध्या विचाराधीन आहे."

शेवटी रॉइसने नियम सांगितला, "पळव. बोलतानाही पळव."

डेल्मरने बटण दाबलं. त्याने मान वर केली तेव्हा मार्नी त्याच्याकडेच पाहत होती. ती रागावली असती तर त्याला परवडलं असतं. ती नुसती पाहत होती, आणि आपण जन्मभर मिरवलेल्या त्या वजनकाट्याची डेल्मरला पहिल्यांदाच मनापासून लाज वाटली. पण बटणावरचं बोट त्याने उचलून मांडीवर ठेवलं आणि त्यावर दुसरा हात दाबून धरला.

चेंडू सापडला. पाहुण्यांनी दोन गुण केले. बासष्ट-सत्तावीस. पस्तीस. घड्याळ पळतच होतं आणि आता त्याला पळायला फारसं काही उरलं नव्हतं. पाहुण्यांनी पुन्हा चेंडू मारला, तो कड्यावर आपटून खाली आला, तो मार्नीच्या हातात. डोक्यावर पाहुण्यांची बास्केट होती. आपली बास्केट मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि तिथवर जायला वेळ नव्हता.

मार्नीने गुणफलकाकडे पाहिलं. मग ती वळली आणि तिने चेंडू डोक्यावरच्या बास्केटमध्ये अलगद टाकला.

बाकावर चिलीचे चमचे वाटेतच थांबले.

"दोन गुण..." वेंडेल अडखळला. "पाहुण्यांना. आपल्या मार्नीकडून."

"मार्नी!" कोच टोलफसन किंचाळल्या. "ती बास्केट कुणाची आहे?"

"बिचारी गोंधळली हो," मागून कुणीतरी म्हणालं. प्रुइट बाईंनी टाळी वाजवावी की नाही ते न कळून हात अर्धवट जोडले. रॉइसने शिट्टी वाजवली. कर्टिस म्हणाले, पळू द्या. रॉइस म्हणाला, फरक तेहेतीस झालाय, थांबव. कर्टिस म्हणाले, एकदा पळायला लागलं की... रॉइसने नुसतं नदीच्या दिशेला बोट केलं.

डेल्मरने घड्याळ थांबवलं. या वेळी नियमाने.

कोचनी धडपडत बाकाकडे पाहिलं. नेहमीच्या पाचजणींच्या नाड्या सुटलेल्या होत्या आणि तोंडात दालचिनीचे रोल होते. एकीने "उतरू?" असं विचारलं बहुधा, तोंडातल्या रोलमुळे ते कुणालाच कळलं नाही. कोच कपाळाला हात लावून बसल्या. मार्नी मैदानातच राहिली.

चेंडू पुन्हा आत आला, तो एकदा बाहेर गेला, घड्याळ थांबलं. पुन्हा आत, कुणाचा तरी पाय रेषेवर पडला, घड्याळ थांबलं. आपल्या बास्केटखाली मार्नीला चेंडू मिळाला, तिने उडी मारली आणि पाहुण्यांची एक राखीव मुलगी तोल जाऊन तिच्यावर कोसळली. फाऊल. दोन फ्री थ्रो, एकेका गुणाचे. घड्याळ थांबलं होतं आणि आता तिला वाटेल तेवढा श्वास घेता येणार होता. डेल्मरला मात्र घेता येत नव्हता.

पहिला चेंडू कड्याला शिवलासुद्धा नाही. दुसरा कड्यावर दोनदा नाचला, थबकला आणि आत गेला.

त्रेसष्ट-एकोणतीस. शाळेचं क्रीडागृह असं उसळलं, जणू राज्याची ढाल जिंकली. पाहुण्यांच्या मुलीही टाळ्या वाजवत होत्या, का ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. आणि डेल्मर फॉसबर्ग, ज्याच्या काट्याला नातीगोती नव्हती, तो टेबलाखाली वाकून बराच वेळ न पडलेलं पेन शोधत राहिला.

सामना संपल्यावर रॉइस कोट चढवत त्याच्यापाशी आला. "पोरीला बोलू नकोस. पहिल्यांदा खेळणाऱ्याचा असा गोंधळ होतो. बास्केट कुठली तेच कळत नाही." डेल्मरने मान डोलावली.

घरी जाताना पिकअपमध्ये दोघंच होती. बर्फ पडायला लागलं होतं. मार्नीच्या मांडीवर ते सामन्याआधी मिळालेलं फूल होतं, आता पार मान टाकलेलं.

"गोंधळ होतो असा," डेल्मर म्हणाला. "त्यात काय. रॉइसही तेच म्हणत होता."

"कसला गोंधळ?"

"ती बास्केट. पाहुण्यांची होती, ते तुझ्या लक्षात आलं नाही."

मार्नीने त्याच्याकडे वळून पाहिलं.

"आजोबा, सदतीसचे पस्तीस झाले. पस्तिसाचे तेहेतीस केले की तुम्हाला थांबवावंच लागणार होतं," ती म्हणाली. "तुम्ही लबाडी करणार नाही, हे मला माहीत होतं ना."

डेल्मरने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. समोरचं धूसर दिसू लागलं तसे त्याने काच पुसणारे दांडे चालू केले आणि ते आधीपासूनच चालू होते, म्हणून बंद झाले.