ठासणीच्या बंदुकीत अडकलेलं बोट

"घेऊन जा एकदाची," गिलेनबाई म्हणाल्या आणि सेर्वे दचकले.

हेच शब्द ऐकायला ते तीन वर्षं, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, या घरी येत होते. निदान बेल्जियममधल्या लिएज गावातले त्यांचे सगळे ओळखीचे तसंच समजत. सेर्वे म्हणजे टपालखात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. घरी अकरा जुन्या लष्करी बंदुका, सगळ्या ठासणीच्या. बारावी हवी होती ती इथे भिंतीवर टांगलेली. पावणेतीनशे वर्षांपूर्वी याच गावात डच पायदळासाठी घडवलेली, उभी केली तर माणसाच्या खांद्याला लागेल एवढी. लिलावात ऐन बोलीच्या वेळी सेर्वेंना शिंक आली आणि ती त्यांच्या मित्राने, लांबेरने, पटकावली. पुढे लांबेर वारला, आणि सेर्वे त्याच्या बायकोकडे बंदूक मागायला येऊ लागले. गिलेनबाई दर वेळी "पुढच्या महिन्यात बघू" म्हणत, कॉफी ठेवत, आणि गप्पांत दुपार सरून जाई.

आज बंदूक मिळाली, तर पुढच्या महिन्यात यायचं कशाला?

"असं कसं?" सेर्वे घाईघाईने म्हणाले. "आधी तपासायला हवी. आतून गंजलेली असली तर मी घेणार नाही हं."

"लांबेर दर आठवड्याला तेल द्यायचे तिला."

"तेल दिलं तरी गंज चढतो."

त्यांनी बंदूक टेबलावर आडवी ठेवली आणि नळीच्या तोंडात उजव्या हाताची तर्जनी घालून फिरवली. गंजाचा मागमूस नव्हता. काहीतरी खोट सापडेल या आशेने त्यांनी बोट आणखी आत रेटलं. मग ते बाहेर येईना.

"झालं का तपासून?"

"बारकाईने बघतोय."

पाच मिनिटांनी त्यांचा चेहरा लाल झाला तेव्हा गिलेनबाई उठून जवळ आल्या. "अडकलंय?"

"जरासं."

साबण झाला, लोणी झालं. मग गिलेनबाईंनी सफरचंदाच्या पाकाची बरणी आणली.

"अहो, तो चिकट असतो!"

"घाबरल्यावर माणसाला सुचतं का काही?"

बोट आता मुळ्यासारखं दिसू लागलं होतं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे जायचं ठरलं. पुढे सेर्वे, बोटाला बंदूक. मागे गिलेनबाई, दस्ता खांद्यावर. पावलं जुळेनात.

"डावा पाय म्हटलं ना मी!"

"तुमचा डावा की माझा?"

समोरच्या खिडकीतून शेजारीण ओरडली, "गिलेन, दोघं मिळून कुठे स्वारी?"

"लढाईला!" गिलेनबाई ओरडल्या, आणि सेर्वेंना इतकं हसू आलं की बोट आणखी रुतलं.

औषधवाल्याने बोटाकडे पाहून फक्त फोन उचलला. थोड्याच वेळात अग्निशमन दलाचा बोदुआँ लोखंड कापायचं यंत्र घेऊन हजर झाला.

"नळी कापावी लागेल."

"कापा," गिलेनबाई म्हणाल्या.

"खबरदार!" सेर्वेंनी बंदूक छातीशी धरली. "अशी दुसरी मिळायची नाही. बोट कापा. मला आणखी नऊ आहेत."

"वेड लागलंय का तुम्हाला? लोखंडाचा तुकडा तो! मला बोट हवंय." दुकानातले सगळे त्यांच्याकडे बघू लागले. गिलेनबाई कानापर्यंत लाल झाल्या. "म्हणजे... यांना हवंय."

सेर्वेंनी छातीशी धरलेली बंदूक हळूच खाली घेतली. लांबेरने इतकी वर्षं जपलेली बंदूक, आणि ही बाई एका शब्दात कापायला निघाली होती.

बोदुआँने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि यंत्र बंद केलं. "बर्फ लावा, हात उंच ठेवा, सूज उतरू द्या. दोन तासांनी फोन करतो. तोवर नाही निघालं तर मात्र कापणार."

घरी येऊन सेर्वे गोठलेल्या मटारची पिशवी हाताला लावून बसले. गिलेनबाई स्वयंपाकघरात मांसाचे गोळे तळायला लागल्या. उरलेला पाक रश्शात गेला. दहाव्या मिनिटाला बोट अलगद सुटलं.

सेर्वे त्याच्याकडे बघत राहिले. तेवढ्यात आतून आवाज आला, "एका हाताने कसं खाणार? मी भरवते हं!"

तीन वर्षांत या घरात कॉफीपुढे गाडी गेली नव्हती. सेर्वेंनी दाराकडे पाहिलं आणि गुपचूप बोट परत आत सरकवलं.

गिलेनबाईंनी गोळ्यांचे लहान लहान तुकडे केले, फुंकर घातली, एकेक घास भरवला. शेवटच्या घासानंतर सेर्वेंच्या हनुवटीवरचा रस्सा रुमालाने टिपत म्हणाल्या, "सेर्वे, दुपारी तर्जनी अडकली होती ना?"

"हो."

"मग आता मधलं बोट कसं?"

सेर्वेंनी खाली पाहिलं. सुजलेली तर्जनी बाहेर मजेत होती.

"कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्या घासाला."

"मग भरवत का राहिलात?"

"तुम्ही खात होतात म्हणून," त्या ताटल्या उचलत म्हणाल्या. "काढा आता. कॉफी ठेवते."

सेर्वेंनी हात ओढला. मग जरा जोर लावून ओढला. मग त्यांनी गिलेनबाईंकडे पाहिलं, आणि गिलेनबाई ताटल्या हातात घेऊनच खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

फोन वाजला. बोदुआँ होता. "काय, निघालं का बोट?"

"एक निघालं," गिलेनबाई म्हणाल्या. "दुसरं अजून आहे. पण तुम्ही घाई करू नका."